पेनड्राइव्हवरचा डबल कमांडर: एंटर दाबला की माझाच प्रोग्रॅम उघडावा, यासाठी काय करू?

खुणेची_पेन्सिल
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात नारायण पेठेत एक, शनिवार पेठेत एक आणि अप्पा बळवंत चौकाजवळ एका अरुंद जिन्याच्या टोकाला एक, अशा तीन ठिकाणी माझं काम चालतं. सध्या दिवाळी अंकांचे दिवस आहेत, म्हणजे सकाळी इकडे, दुपारी तिकडे. घरचा लॅपटॉप सुनेचा, तो घेऊन फिरता येत नाही. माझी इस्टेट म्हणजे तपकीर गल्लीतून घेतलेला ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह.

भाच्याने त्यावर डबल कमांडर टाकून दिला, म्हणजे दोन चौकटींत फाइली दाखवणारा, त्या हाताळायचा प्रोग्रॅम. झिप उलगडली की झालं, इन्स्टॉल करायचं नाही. डावीकडे प्रेसच्या फाइली, उजवीकडे माझ्या, एफ-५ दाबलं की इकडची तिकडे. गॅलीप्रुफं आणि मूळ हस्तलिखित शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची सवय असल्यामुळे असेल, पण मला हे फार पटलं. सोबत पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ, साध्या मजकुराला नोटपॅड++ आणि वर्डसारख्या फाइलींना लिबर ऑफिस आहेत, तीही पोर्टेबलच, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी.

आता रडगाणं.

घरी हा पेनड्राइव्ह ई: म्हणून लागतो. नारायण पेठेत एफ:. शनिवारात थेट के:, कारण तिथल्या कार्ड रीडरने आधीची चार अक्षरं अडवून ठेवली आहेत. उघडल्या उघडल्या दिसावेत म्हणून मी तिन्ही प्रोग्रॅमचे शॉर्टकट पेनड्राइव्हवर बाहेरच ठेवले होते. घरी चालतात. प्रेसमध्ये डबल-क्लिक केलं की विंडोज सांगतं, हा शॉर्टकट ज्याच्याकडे नेतो ती गोष्ट बदलली आहे किंवा हलवली आहे. अहो, तिथेच आहे ती, दोन बोटं खाली!

दुसरं असं, की डबल कमांडरमध्ये पीडीएफवर एंटर दाबला की त्या मशिनवर जे असेल ते उघडतं. एके ठिकाणी एज, म्हणजे विंडोजचा ब्राउझर. दुसरीकडे चाचणीची मुदत संपलेला कुठलासा प्रोग्रॅम, तो आधी पैसे मागतो आणि मग पान दाखवतो. माझी शब्दयादी टीएक्सटी फाइलमध्ये आहे, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. मला हवं असतं नोटपॅड++, कारण त्यात मी मोठा टाइप लावून ठेवलाय. डोळे ५९ वर्षांचे आहेत.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. वैतागून एका प्रेसच्या मशिनवर मी पीडीएफवर उजवं बटण दाबलं, 'ओपन विथ'मध्ये जाऊन माझा सुमात्रा दाखवला आणि 'नेहमी यातच उघडा' असंही सांगितलं. काम झालं, पेनड्राइव्ह खिशात घातला, घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिथला ऑपरेटर पीडीएफ उघडायला गेला तर विंडोज त्यालाच विचारतंय, कशात उघडू? मालकांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, माझ्या पेनड्राइव्हला तिथे सध्या प्रवेश नाही.

तर दुसऱ्याच्या मशिनला हात न लावता, ड्राइव्हचं अक्षर कुठलंही लागलं तरी, एंटर दाबल्यावर माझाच प्रोग्रॅम उघडेल अशी काही सोय आहे का?

---

पीसी_डॉक्टर_३०
सोमवार, रात्री ११:०२

काका शॉर्टकट व्हायरस आहे हा. झेरॉक्सच्या दुकानातून येतो. सीएमडी उघडून ॲट्रिबची कमांड मारा, लपलेले फोल्डर परत येतील. नाहीतर सरळ फॉरमॅट.

---

खुणेची_पेन्सिल
सोमवार, रात्री ११:१५

नाही हो डॉक्टर. तो रोग मला १० वर्षांपूर्वी झाला होता, ओळखतो मी त्याला. त्यात फोल्डर गायब होतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर येतात. माझे फोल्डर जागच्या जागी आहेत, शॉर्टकट मीच केलेत. आणि फॉरमॅट काय मारता, आत चार अंकांची प्रुफं आहेत.

---

दोन_खिडक्या
मंगळवार, सकाळी ७:५०

काका, व्हायरस वगैरे काही नाही. बसमध्ये आहे, हिंजवडीपर्यंत वेळच वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कुठल्या एक्स्टेन्शनची (फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांची) फाइल कशात उघडायची याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जच्या वहीत ठेवतं. ती नोंद त्या मशिनची आणि त्या लॉगिनची. तुम्ही शनिवारात असाल किंवा नारायणात, तुमचा पेनड्राइव्ह तिथे पाहुणा. तुम्ही 'नेहमी यातच उघडा' म्हणालात तेव्हा यजमानाच्या वहीत तुमच्या खिशातल्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहून आलात. पेनड्राइव्ह निघाला, पत्ता खोटा पडला. विंडोज ८ पासून तर ही निवड एका हॅशसकट (परस्पर केलेला बदल ओळखणाऱ्या खुणेसकट) साठवली जाते, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमने परस्पर रजिस्ट्रीत लिहून पीडीएफ स्वतःकडे ओढून घेतली तर विंडोज ते मानत नाही. निवड माणसानेच करायची. तुम्ही माणूस आहात, म्हणून तुमची चालली.

शॉर्टकटची गत साधारण तीच. शॉर्टकट म्हणजे एक एलएनके फाइल, तिच्यात ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता असतो. कधी कधी विंडोज आपलं आपण शोधून काढतं, पण त्याच्या भरवशावर दिवाळी अंक काढू नका.

पण डबल कमांडरची स्वतःची वेगळी वही आहे, आणि ती पेनड्राइव्हवरच राहते. एंटर दाबला की तो आधी या वहीत बघतो. तिथे नोंद सापडली नाही तरच विंडोजला विचारतो. तुम्हाला फक्त ही वही भरायची आहे.

कॉन्फिगरेशन मेनूतून ऑप्शन्स उघडा, डावीकडच्या यादीत फाइल असोसिएशन्स. पहिल्या चौकटीत नवा प्रकार जोडा, नाव काहीही द्या, 'माझी पीडीएफ' दिलंत तरी चालेल. शेजारच्या चौकटीत एक्स्टेन्शन: नुसतं पीडीएफ, आधी टिंब नको. मग ॲक्शन जोडायची, आणि खाली कमांडमध्ये प्रोग्रॅमचा पत्ता. सगळी मेख या पत्त्यात आहे. ब्राउझ करून निवडलंत तर ई: ने सुरू होणारा पत्ता बसेल आणि प्रेसमध्ये पुन्हा रडाल. त्याऐवजी हाताने असं लिहा (मी देवनागरीत लिहितोय, तिकडे सगळं इंग्रजी अक्षरांत):

%कमांडर_पाथ%\..\सुमात्रा\सुमात्रापीडीएफ.ईएक्सई

टक्क्याच्या दोन खुणांमधलं ते नाव म्हणजे 'डबल कमांडर ज्या फोल्डरमध्ये आहे तो'. ते सगळं कॅपिटलमध्ये, मधली रेघ अंडरस्कोर. पुढची दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. म्हणजे डबल कमांडर आणि सुमात्रा शेजारी नांदत असतील तर पेनड्राइव्ह ई: होवो की के:, पत्ता बरोबरच निघतो. त्याखाली पॅरामीटर्सच्या रकान्यात टक्का आणि लहान पी. ज्या फाइलवर तुमचा पट्टा असेल तिचा पूर्ण पत्ता त्या जागी जातो.

एकच काळजी घ्या. डबल कमांडर आपल्या सेटिंग्ज स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवतोय ना हे बघा. भाच्याने पोर्टेबल झिप घेतली असेल तर ठेवतच असेल. नसेल तर तुम्ही भरलेली वही सुनेच्या लॅपटॉपवरच राहील.

शॉर्टकट काढून टाका. फोल्डरांसाठी कंट्रोल-डी दाबा, हॉटलिस्ट म्हणजे नेहमीच्या फोल्डरांची यादी येते. तिथेही असाच सापेक्ष पत्ता चालतो.

चांदणी चौक आला. नंतर बोलू.

---

टीसी_२००२
मंगळवार, दुपारी १:२०

हे सगळं टोटल कमांडरमध्ये कधीपासून आहे. १९९३ साली विंडोज कमांडर म्हणून आला, २००२ मध्ये नाव बदललं, मी तेव्हापासून वापरतो. डबल कमांडर त्याच्याच धाटणीवर बेतलेला आहे, ओपन सोर्स म्हणून कौतुक. टोटल कमांडरमध्ये फक्त स्वतःपुरत्या असोसिएशन्स करता येतात, त्या विनसीएमडी.आयएनआय या फाइलमध्ये साध्या मजकुरात जाऊन बसतात, नोटपॅडने उघडून बदलता येतात. कमांडर_पाथ हा शब्दसुद्धा तिथलाच.

---

दोन_खिडक्या
मंगळवार, दुपारी १:३५

मान्य. पण ती आयएनआय फाइल प्रोग्रॅमच्या शेजारी नसेल तर तुमचा टोटल कमांडरही पाहुण्याघरीच सामान विसरतो. शिवाय काका तीन प्रेस फिरतात, त्यांना शेअरवेअरची (आधी वापरा, मग पैसे द्या म्हणणारी) खिडकी रोज १, २, ३ मधलं बटण दाबायला लावणार. लायसन्स घेतलं तर प्रश्न नाही, पण सुरू असलेलं काम मोडून प्रोग्रॅम कशाला बदलायचा?

---

टीसी_२००२
मंगळवार, दुपारी १:४१

बदला म्हणालो का मी? इतिहास सांगितला.

---

खुणेची_पेन्सिल
मंगळवार, रात्री ९:३०

खिडकीवाले, आधी आभार. जेवणाच्या सुट्टीत बसून वही भरली. पीडीएफ जमली! एफ: वर एंटर, सुमात्रा हजर. माझ्या शेजारच्या पेस्टिंगवाल्याने मान वळवून बघितलं.

टीएक्सटी मात्र जमेना. पाऊण तास घालवल्यावर उलगडा झाला. ॲक्शनचं नाव विचारलं तिथे मी मराठी माणसासारखं 'उघडा' लिहिलं होतं. तर ते उजव्या बटणाच्या मेनूत 'उघडा' म्हणून इमानेइतबारे दिसत होतं, पण एंटरला दाद देत नव्हतं. एंटरसाठी नाव इंग्रजीत 'ओपन' असंच लागतं. पीडीएफला मी यादीतून निवडलं होतं म्हणून ते बसलं. मग लक्षात आलं की 'व्ह्यू' दिलं तर एफ-३ ला लागू होतं आणि 'एडिट' दिलं तर एफ-४ ला. आता शब्दयादीवर एफ-४ दाबला की नोटपॅड++ उघडतं, मोठा टाइप तसाच. भाच्याने झिपमधून काढून ठेवलंय, त्याच्या शेजारी 'डू-लोकल-कॉन्फ' नावाची एक छोटी एक्सएमएल फाइल आहे. ती मी कचरा म्हणून काढून टाकणार होतो. काढली नाही, कारण तिच्यामुळेच नोटपॅड++ आपल्या सेटिंग्ज स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं.

आता लिबर ऑफिसचं दुखणं. डीओसीएक्स फाइल उघडते, पण माझा शब्दकोश गायब! गेल्या चार वर्षांत 'या शब्दाला चूक म्हणू नकोस' असं सांगून सांगून शेकडो शब्द त्यात भरलेत मी. पेनड्राइव्हवर नेहमीच्या आयकॉनवरून सुरू केलं तर आहेत. डबल कमांडरमधून एंटर दाबून उघडलं तर सगळ्या शब्दांखाली लाल नागमोडी. हे कसं?

आणि अजून एक. नारायण पेठेतल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला माझ्याकडे एक जुना कन्व्हर्टर आहे. त्यालाही असोसिएशन दिली. तो उघडतो आणि म्हणतो फाइल सापडत नाही, पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं.

---

दोन_खिडक्या
बुधवार, सकाळी ७:४५

पुन्हा बस. 'उघडा'वर मागच्या सीटवरच्याने माझ्याकडे बघितलं, इतका हसलो.

शब्दकोशाचं: तुम्ही पत्ता कुठला दिलात? मला खात्री आहे की 'ॲप' फोल्डरच्या पोटात खोल शिरून एसरायटर, म्हणजे लिबर ऑफिस रायटरचा मूळ प्रोग्रॅम, शोधून काढला असेल. पोर्टेबल-ॲप्स या संचाच्या बांधणीत प्रत्येक प्रोग्रॅमचे तीन भाग असतात. बाहेर नावापुढे पोर्टेबल लावलेला छोटा लाँचर, आत 'ॲप' फोल्डरमध्ये खरा प्रोग्रॅम, आणि 'डेटा' फोल्डरमध्ये तुमच्या सेटिंग्ज. लाँचर आधी प्रोग्रॅमला सांगतो की सामान 'डेटा'मध्ये आहे, आणि मग त्याला सुरू करतो. तुम्ही लाँचरला वळसा घालून थेट आत गेलात, तर लिबर ऑफिसला वाटलं आपण या मशिनवर इन्स्टॉलच झालोय. त्याने प्रेसच्या मशिनवर युजरच्या फोल्डरमध्ये नवा कोरा संसार थाटला. तो रिकामा शब्दकोश तिथला. शब्द तुमचे सुखरूप आहेत.

पत्ता बदलून बाहेरच्या लिबरऑफिसरायटरपोर्टेबलचा द्या. आणि प्रेसच्या मशिनवर ॲपडेटामध्ये लिबर ऑफिस नावाचा फोल्डर राहिला असेल, तो काढायला हवा. पण आधी बघा, त्यांचं स्वतःचं लिबर ऑफिस असेल तर तो त्यांचा आहे, हात लावू नका.

कन्व्हर्टरचं: फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे? नाव देवनागरीत?

---

खुणेची_पेन्सिल
बुधवार, सकाळी ८:१०

'दिवाळी अंक' या फोल्डरमध्ये. अर्थात देवनागरीत. मराठी मजकुराचा फोल्डर आणखी कशात ठेवायचा?

---

टीसी_२००२
बुधवार, सकाळी ९:००

इथे मी सांगतो. जुने प्रोग्रॅम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेले असतात, आणि त्या पद्धतीत फाइलचं नाव मशिनच्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या जुन्या छोट्या तक्त्यातून जातं. विंडोजने देवनागरीला असं कोडपेज कधी दिलंच नाही, आपली लिपी तिथे थेट युनिकोडमधूनच आली. म्हणून अशा प्रोग्रॅमला देवनागरी पत्ता दिला की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. टोटल कमांडरलासुद्धा २००९ साली ७.५ आवृत्तीत युनिकोड नावं जमली, त्याआधी मीही हेच भोगलंय. डबल कमांडरचा यात दोष नाही, तो बरोबर देतो, घेणाऱ्याला वाचता येत नाही. कन्व्हर्टरसाठी पेनड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत एक फोल्डर करा, फाइल तिथे आणा, बदला, परत न्या. वरचे सगळे फोल्डरसुद्धा इंग्रजीतच हवेत, नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही.

---

प्रेसवाली_४११०३०
बुधवार, दुपारी ३:१५

मी पलीकडच्या बाजूची. सदाशिवातल्या एका छपाईवाल्याकडे चार मशिन सांभाळते, त्यामुळे खुणेची पेन्सिल यांच्या मालकांचं दुःख मला कळतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पीडीएफ कशाला तरी जोडून जातं, आणि प्लेट काढायच्या वेळीच ते कळतं.

काका, तुम्ही केलेलं निस्तरायला एक मिनिट लागतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, तिथे पीडीएफ शोधायची आणि आधी जे होतं ते निवडायचं. स्वतः जाऊन करून द्या, राग लगेच उतरतो.

दुसरं, तुम्ही असोसिएशनची यादी फार वाढवू नका. कोरलच्या सीडीआर फाइली, पेजमेकरच्या जुन्या फाइली (पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या) यांना वहीत जागाच देऊ नका. नोंद नसली की डबल कमांडर विंडोजला विचारतो असं वर लिहिलंय ना, मग त्या आमच्या मशिनवरच्या कोरलमध्ये उघडतील, आमच्या फॉन्टसकट. तेच हवं असतं.

तिसरं. एकाच प्रेसमध्ये रोज जाणं असेल तर तिथल्या माणसाला सांगून डिस्क मॅनेजमेंटमधून तुमच्या पेनड्राइव्हला एक लांबचं अक्षर कायमचं लावून घ्या. ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून त्यांनाच करू द्या. ते मशिन तुमचा पेनड्राइव्ह लक्षात ठेवतं. आमच्याकडे येणाऱ्या दोन चित्रकारांना मी असं दिलंय, एकाला क्यू:, एकाला आर:.

आणि सगळ्यांना विनंती: काम झालं की आधी डबल कमांडर बंद करा, मग 'इजेक्ट' म्हणा. तो स्वतः पेनड्राइव्हवरूनच चालतो, त्यामुळे तो उघडा असताना विंडोज 'डिव्हाइस वापरात आहे' म्हणत राहतं आणि लोक मग कंटाळून उपटतात. झिपच्या आत शिरून फाइल उघडलीत तर तिची एक प्रत आमच्या मशिनच्या टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये येते, तेही ध्यानात असू द्या. लेखकाची अप्रकाशित कथा आमच्याकडे राहिलेली तुम्हाला आवडणार नाही.

---

शनिवारची_सुट्टी
बुधवार, संध्याकाळी ६:४०

मध्येच येतो. ज्यांना बाहेर शॉर्टकटसारखं काहीतरी लागतंच त्यांनी एका ओळीची बॅच फाइल (डबल-क्लिक केलं की आतली कमांड चालवणारी मजकुराची फाइल) करावी. 'स्टार्ट' लिहून एक जागा, रिकामी अवतरणचिन्हं, पुन्हा जागा, आणि मग अवतरणचिन्हांत टक्का, नागमोडी, डी, पी, शून्य आणि त्याला लागून पुढचा पत्ता. ते टक्का-नागमोडी म्हणजे 'ही बॅच फाइल जिथे आहे तो फोल्डर', अक्षर कुठलंही असो. पहिली रिकामी अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर स्टार्ट तुमच्या पत्त्यालाच खिडकीचं शीर्षक समजतो आणि काळी रिकामी खिडकी उघडून बसतो. माझी एक संध्याकाळ यात गेली आहे.

---

खुणेची_पेन्सिल
शुक्रवार, रात्री १०:०५

कळवायचं राहिलं होतं. लाँचरचा पत्ता दिला, शब्दकोश परत आला, चार वर्षांचे शब्द एकही न सांडता. नारायण पेठेत लिबर ऑफिसचा कोरा संसार सापडला, त्यांच्याकडे स्वतःचं नव्हतं, म्हणून आवरून आलो. कन्व्हर्टरसाठी इंग्रजीत 'टेबल' नावाचा फोल्डर केला. प्रश्नचिन्हं गेली. बॅच फाइल फक्त एकच केली, डबल कमांडर सुरू करायची. बाकी शॉर्टकट पुसले. वहीत पीडीएफ, टीएक्सटी आणि डीओसीएक्स एवढंच आहे. ताईंचं ऐकून कोरलला हात लावलेला नाही.

आज त्या प्रेसमध्ये गेलो, पेनड्राइव्ह घरी ठेवून. ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून डिफॉल्ट ॲप्स उघडलं आणि पीडीएफ पुन्हा एजला लावून दिली. तो बघत होता. म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही होता तोवर जे उघडत होतं ते पटकन उघडायचं. तेच इथे नीट बसवता येईल का?"

मालक बाहेर गेले होते. त्यांना विचारल्याशिवाय काही करणार नाही, असं सांगून आलो. सोमवारी विचारतो.